वृद्धसेवेच्या ट्रेनिंगची सरकारी ग्रँट नर्सच्या हातात येते का? इंदूरच्या एका सिस्टरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एक सिस्टर, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, 7 वर्षं एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत काढली, आता घरी सासरे अंथरुणाला आहेत आणि नाइट ड्युट्या झेपत नाहीत, म्हणून वृद्धांच्या सेवेचं रीतसर ट्रेनिंग घेऊन त्यातच काम करायचंय. कुणीतरी त्यांना सांगितलं की यासाठी सरकार नर्सेसना ग्रँट देतं, तर फॉर्म कुठे मिळतो आणि किती पैसे मिळतात. आणि त्यांच्या मावशी राजेंद्र नगरात एक महिला मंडळ चालवतात, त्या मंडळाला असं ट्रेनिंग सेंटर काढायला पैसे मिळतील का, हा दुसरा प्रश्न.

मी 31 वर्षं नर्सिंगमध्ये आहे, सुरुवातीची सगळी वर्षं वॉर्डात गेली आणि शेवटची 12 वर्षं शिकवण्यात, त्यातही वृद्धांची सेवा हाच माझा विषय, 2 सरकारी प्रोजेक्टांत ट्रेनर म्हणून काम केलंय आणि एका संस्थेचे ग्रँटचे कागद स्वतः बसून भरलेत, तेव्हा जे पाहिलंय ते सांगते, लांबेल पण सगळं वाचा.

पहिली गोष्ट आधी मनात पक्की करा, नाहीतर तुम्ही सहा महिने चकरा मारत राहाल. ही ग्रँट नर्सच्या खात्यात येत नाही. आपल्याकडे वृद्धसेवेच्या ट्रेनिंगवर जो सरकारी पैसा आहे तो संस्थेला मिळतो, म्हणजे मेडिकल कॉलेज, जिल्हा हॉस्पिटल, ट्रेनिंग पार्टनर, एखादी नोंदणी झालेली संस्था. तुम्हाला मिळतं ते फुकट ट्रेनिंग, कधी स्टायपेंड, कधी भरपगारी डेप्युटेशन. म्हणून फॉर्म कुठे मिळतो हे विचारू नका, आपल्या भागात हा पैसा सध्या कोणत्या संस्थेकडे आलाय आणि तिथे माझ्यासारखीला जागा आहे का, हे विचारा. आणि कुणी म्हणालं की ताई 5 हजार भरा, तुमची ग्रँट पास करून देतो, तर तिथून सरळ उठून या.

आता पैसा येतो कुठून ते बघू. एक रस्ता आरोग्य खात्याचा. केंद्राचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, सगळे त्याला एनपीएचसीई म्हणतात, 2010-11 मध्ये 21 राज्यांतल्या 100 जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्यात जिल्हा हॉस्पिटलात वृद्धांसाठी 10 खाटांचा वेगळा वॉर्ड आणि ओपीडी, प्राथमिक केंद्रावर आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना, उपकेंद्राच्या पातळीवर घरी जाऊन बघणं, अशी रचना कागदावर आहे, आणि सुरुवातीच्या गाइडलाइनमध्ये जिल्हा हॉस्पिटलच्या त्या वॉर्डाला 6 नर्सेस धरल्या होत्या. वर रीजनल जेरियाट्रिक सेंटर, म्हणजे वृद्धांच्या उपचारांचं विभागीय केंद्र, मुंबईचं जे.जे. हॉस्पिटल पहिल्या आठांतलं एक. ट्रेनिंगचा खर्च याच कार्यक्रमातून निघतो, राज्य दरवर्षी एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य मिशनच्या आराखड्यात मागणी टाकतं, मंजूर झालं की जिल्ह्याला बॅच मिळते. पण हे ट्रेनिंग सरकारी नोकरीतल्या किंवा एनएचएमच्या कंत्राटावरच्या नर्सेससाठी असतं. प्रायव्हेटमधल्या सिस्टरला तिथे सहसा खुर्ची मिळत नाही, हे मला कधीच पटलं नाही, कारण इंदूरसारख्या शहरातले निम्मेअधिक म्हातारे पेशंट प्रायव्हेटमध्येच असतात हे रोज डोळ्यांना दिसतं. तरी सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात एनसीडी (असंसर्गजन्य आजारांचा) सेल असतो तिथे एकदा जाऊन विचारा, ट्रेनिंगचं कॅलेंडर बनलंय का, बाहेरच्या कुणाला बसू देतात का. एखादा ऑफिसर चांगला निघतो आणि मागच्या बाकावर बसायला देतो, माझ्या 2 विद्यार्थिनी अशाच बसून आल्या, सर्टिफिकेट नाही मिळालं पण शिकून आल्या.

याच खात्यात अजून एक जागा आहे जिच्याकडे तुमच्यासारख्यांनी नीट बघायला पाहिजे, ती म्हणजे सीएचओ, कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. आयुष्मान आरोग्य मंदिरांत (उपकेंद्रांचं आणि प्राथमिक केंद्रांचं नवं रूप) ज्या 12 सेवा द्यायच्या ठरल्यात त्यात वृद्धांची सेवा आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, हे दोन्ही येतात, आणि त्यासाठी सीएचओ, स्टाफ नर्स, एएनएम, आशा अशा प्रत्येकीसाठी एनएचएसआरसीने, म्हणजे आरोग्य खात्याला तांत्रिक मदत करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, वेगवेगळी ट्रेनिंगची पुस्तकं काढलीत. ही पुस्तकं नेटवर फुकट आहेत. स्टाफ नर्सचं पुस्तक आजच उतरवून घ्या आणि वाचा, अ‍ॅडमिशन होवो न होवो. मी माझ्या बॅचला पहिल्या दिवशी तेच हातात देते.

दुसरा रस्ता सामाजिक न्याय मंत्रालयाचा. अटल वयो अभ्युदय योजना या नावाखाली वृद्धांच्या बऱ्याच योजना एकत्र केल्यात, वृद्धाश्रमांना अनुदान त्यातच, वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर मिळते तीही त्यातच, 14567 ही एल्डरलाइन त्यातच (हा नंबर तुमच्या सासऱ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा), आणि वृद्धांच्या केअरगिव्हरना ट्रेनिंग देण्याचा एक भागही त्यातच आहे. तो भाग बघते दिल्लीची एनआयएसडी, म्हणजे राष्ट्रीय समाज रक्षण संस्था, आणि ती देशभरातल्या संस्थांना पैसे देऊन बॅचेस घेते. शिकणाऱ्याला फी नाही. मात्र शब्द नीट वाचा, केअरगिव्हर. घरी जाऊन आजी-आजोबांना आंघोळ घालणारी, भरवणारी, चालवणारी मुलगी किंवा मुलगा. नर्सला पुढचं शिकवायला हे नाहीये.

तिसरा रस्ता स्किल इंडियाचा, पीएमकेव्हीवाय, 2015 पासून चालू आहे. त्यात हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जॉब रोल असतात, जनरल ड्युटी असिस्टंट ज्याला सगळे जीडीए म्हणतात, होम हेल्थ एड, आणि वृद्धांच्या सेवेचा वेगळा. हेही फुकट, हेही दहावी-बारावी झालेल्यांसाठी.

आता तुमच्या लक्षात आलं असेल अडचण कुठे आहे ते. सरकारी नर्सला पैसा आहे, दहावी पास मुलीला पैसा आहे, आणि मधली जी रजिस्टर्ड नर्स प्रायव्हेटमध्ये आहे, जिला सगळ्यात जास्त येतं आणि जिच्या हाताखाली त्या मुली काम करणार, तिच्यासाठी थेट काहीच नाही. अमेरिकेत या बाबतीत वेगळा विचार झाला, तिथे 2002 च्या नर्सिंगच्या कायद्यातच वृद्धांच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी वेगळी ग्रँट ठेवली होती, नर्सिंग स्कूलना मिळायची, पुढे 2015 मध्ये ती एका मोठ्या कार्यक्रमात मिसळली ज्यात डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, घरचे लोक सगळ्यांना एकत्र शिकवतात आणि पहिल्याच वर्षी 44 संस्थांना पैसे दिले. तिथेही पैसा संस्थेलाच जातो बरं का, पण नर्स हा त्या विचाराच्या मध्यभागी आहे. आपल्याकडे नर्स गृहीत धरलेली आहे, तिला येतंच असं समजून पुढे जातात, आणि खरं सांगते, येत नाही. मला येत नव्हतं.

माझंच सांगते. मी जीएनएमला शिकले तेव्हा बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ नये म्हणून पाठीला स्पिरिट लावून चोळायचं आणि वर पावडर टाकायची असं शिकवलं होतं, आम्ही रोज सकाळी अख्खा वॉर्ड तसा करायचो आणि मी पुढे कितीतरी मुलींना तेच शिकवलं. मग कळलं की लाल झालेल्या जागी चोळलं की आतलं कातडं अजून फाटतं, आणि स्पिरिटने म्हाताऱ्या माणसाची आधीच कोरडी झालेली कातडी अजून कोरडी पडते. तिलकनगरला एका आजोबांकडे मला बोलावलं होतं, मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, घरी येऊन चौथा दिवस. त्यांच्याकडे ठेवलेली मुलगी मनापासून करणारी होती, माकडहाडाखाली रबरी रिंग दिलेली, चादर स्वच्छ, सगळं टापटीप. मी पायाकडची चादर वर केली आणि टाच बघितली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा डाग. आजोबा सावळे, लाल दिसत नव्हतं, काळपट दिसत होतं. मी बोटाने दाबून सोडलं, रंग हलला नाही. मग हाताची मागची बाजू लावली, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम आणि जरा टणक लागली. झालं, बेडसोरची सुरुवात झालेली होती. ती मुलगी म्हणाली, मॅडम पाठ तर मी रोज बघते. टाच बघायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पोटरीखाली उशी अशी लावली की टाच हवेत राहील, गादीला टेकणार नाही, ती रिंग काढून टाकली कारण रिंगने कडेच्या भागाचा रक्तपुरवठा दबतो, आणि दर 2 तासांनी कूस बदलायची वेळ कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. 10 दिवसांनी डाग गेला. तीच टाच उघडी पडली असती तर त्या वयात महिनोन्महिने भरत नाही.

हे सगळं मी ग्रँटच्या उत्तरात सांगतेय कारण कोणत्याही ट्रेनिंगची लायकी तुम्ही यावरूनच ठरवायची आहे. सर्टिफिकेटवर किती लोगो आहेत ते बघू नका, विचारा की प्रत्यक्ष पेशंटजवळ किती तास आहेत. पॉवरपॉइंट दाखवून वृद्धसेवा शिकवता येत नाही. मी बॅचला रायल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणारी नळी) आधी भरवायला शिकवते, चमच्याने. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून, एक घास गिळला हे कंठ हलताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. मुली म्हणतात एवढं काय त्यात, मग मी त्यांना एकमेकींना आडवं झोपवून पाणी पाजायला लावते. एकदा ठसका लागला की विसरत नाहीत.

आणि आपल्या इंदूरचा एक वेगळा प्रश्न आहे जो कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. आपल्या इथल्या मराठी आज्या आयुष्यभर बाजारात, शेजारी, दुधवाल्याशी हिंदीत बोलतात, पण आजारी पडून भ्रम झाला ना की हिंदी निघून जाते आणि फक्त मराठी उरते. एका हॉस्पिटलात मी बघितलंय, रात्री अडीचला आजी ओरडतायत, उठायला बघतायत, सिस्टर बिचारी केरळची, तिला वाटलं पेशंट व्हायोलंट झाली, हात बांधले, इंजेक्शन दिलं. आजी काय ओरडत होत्या, तर "मला लघवीला जायचंय गं". तेवढंच. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाला की त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, दुखणं, पाणी कमी पडणं, झोपेची गोळी, असं काहीतरी असतं, ते शोधायचं असतं. चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्यायचं, खिडकीतून उजेड येऊ द्यायचा, घरचं माणूस जवळ बसवायचं, आणि बांधायचं नाही, बांधलं की भ्रम वाढतो. तुम्हाला मराठी येतं, हिंदी येतं, आयसीयूत 7 वर्षं डेलिरियम, म्हणजे हाच भ्रम, जवळून बघितलाय, या शहरात यापेक्षा मोठी लायकी कोणती ते सांगा.

बरं, परत पैशाकडे येते. तुमच्यासारख्या रजिस्टर्ड नर्ससाठी खरं वजनदार शिक्षण म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जेरियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, 1 वर्षाचा, रेसिडेन्सीचा, म्हणजे बहुतेक वेळ वॉर्डातच. जीएनएमला घेतात, रजिस्ट्रेशन चालू पाहिजे आणि वॉर्डाचा अनुभव पाहिजे, तो तुमच्याकडे आहे. कॉलेज मात्र मोजकी आहेत आणि बाहेरगावी जावं लागेल असं धरून चाला. यात ग्रँट म्हणून काही नाही, पण 3 गोष्टी बघा. सरकारी कॉलेजात असेल तर फी कमी आणि बऱ्याच ठिकाणी रेसिडेन्सीचा स्टायपेंड असतो, हे अ‍ॅडमिशनच्या आधी लेखी घ्या. एससी, एसटी, ओबीसीत असाल तर पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप लागू होते का ते बघा, एससीसाठी केंद्राच्या योजनेत घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. आणि तुमच्या हॉस्पिटलला विचारा की आम्हाला पाठवता का, परत येऊन 2 वर्षं करीन असा बाँड लिहून देते. प्रायव्हेटवाले आधी नाही म्हणतात, पण आता 70 वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलांना म्हातारे पेशंट अजून वाढणार हे दिसतंय, त्यामुळे मॅनेजमेंटशी बोलताना हा मुद्दा काढा, उपयोग होतो.

कॉलेज निवडताना एक कळकळीचं सांगणं. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयला कॉलेजं तपासायला लागली, हजारो मुलींच्या परीक्षा लटकल्या. त्यामुळे कोर्सचं नाव ऐकून पैसे भरू नका. कौन्सिलच्या यादीत ते कॉलेज त्याच कोर्ससाठी, त्याच वर्षासाठी आहे का ते स्वतः बघा, आणि भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलमध्ये तुमचा डिप्लोमा जादा क्वालिफिकेशन म्हणून चढेल का ते विचारा. माझ्या ओळखीच्या 4 मुलींनी एका खाजगी इन्स्टिट्यूटला 18-18 हजार दिले, "सरकारमान्य वृद्धसेवा नर्सिंग" असं सर्टिफिकेट मिळालं, फ्रेम करून लावण्यासारखं, आणि ते कौन्सिलमध्ये नेलं तेव्हा खिडकीवरच्या माणसाने उलटसुलट करून परत दिलं. एक तर रडतच माझ्याकडे आली होती, बांगडी मोडून पैसे भरले होते तिने.

मग तुमच्यापर्यंत ग्रँटचा पैसा येण्याचा रस्ता कोणता? माझ्या मते एकच सरळ रस्ता आहे आणि तो कुणी सांगत नाही. शिकणारी म्हणून नाही, शिकवणारी म्हणून या. हे जे दोन कार्यक्रम आहेत, केअरगिव्हरचा आणि जीडीए-होम हेल्थ एडचा, त्यांना ट्रेनर लागतात, आणि ट्रेनर म्हणून नर्सिंगची डिग्री किंवा जीएनएम आणि अनुभव असलेली बाई लागते. सेक्टर स्किल कौन्सिलचं ट्रेनरचं ट्रेनिंग आणि परीक्षा असते, ती पास झालात की सेंटर तुम्हाला घेऊ शकतं, दिवसाची ड्युटी, रविवार सुट्टी. तुमच्या आयसीयूच्या 7 वर्षांचं तिथे सोनं होईल. आणि शिकवता शिकवता तुम्ही स्वतः शिकाल, मी तशीच शिकले.

आता मावशींच्या मंडळाचं. मावशींना सांगा की मन मोठं आहे पण घाई करू नका. सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदणी पाहिजे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या पोर्टलवर, नंबर पाहिजे, पॅन, गेल्या काही वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, आणि वृद्धांसाठी खरंच काम केल्याचा पुरावा. हळदीकुंकू आणि भजनी मंडळाचे फोटो चालत नाहीत. सामाजिक न्याय मंत्रालयाचे अर्ज ऑनलाइन ई-अनुदान पोर्टलवर जातात. स्किलकडून यायचं तर सेंटरला जागा, लॅब, बेड, मॅनिकिन (शिकवायचा पुतळा), बायोमेट्रिक हजेरी असं सगळं आधी उभं करावं लागतं, त्याचा खर्च आपला, मग बॅच मिळाली तर मिळाली. पैसे हप्त्यांत येतात, आधी खर्च आणि मग पैसे असं बऱ्याचदा होतं. ज्या मंडळाकडे 6-8 महिने ट्रेनरचा पगार देण्याइतकी शिल्लक नाही त्यांनी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मी भोगलंय. ज्या संस्थेत मी ट्रेनर होते तिथे पहिला हप्ता वेळेवर आला, 30 मुलींची बॅच छान झाली, आणि दुसऱ्या हप्त्याच्या वेळी युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यात, चूक निघाली. बँकेत पडून असलेल्या ग्रँटवर जे व्याज मिळालं होतं ते दाखवलंच नव्हतं. सरकारी नियमात ग्रँटवरचं व्याजही सरकारचंच असतं, ते परत भरायचं असतं, आमच्या अकाउंटंटला वाटलं 2 हजार रुपयांचं काय. कागद दिल्लीहून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि आमचं मानधन 8 महिने अडकलं. तेव्हा माझ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं, फी कशी भरली ते माझं मला माहीत. म्हणून सांगते, ग्रँटसाठी बँकेत वेगळं खातं, प्रत्येक बिलावर प्रोजेक्टचं नाव, 12-ए नंबरच्या फॉर्मात युटिलायझेशन सर्टिफिकेट, व्याजाची ओळ पहिल्यांदा भरायची, आणि सीए असा धरायचा ज्याने आधी सरकारी ग्रँटचं काम केलंय. स्वस्तातला धरू नका.

मंडळाने त्यापेक्षा असं करावं असं मला वाटतं. जे सेंटर किंवा कॉलेज आधीच मान्यता घेऊन बसलंय त्यांच्याशी हात मिळवा, मुली जमवण्याचं, त्यांना टिकवण्याचं आणि प्रॅक्टिकलसाठी घरं मिळवून देण्याचं काम मंडळाने घ्यावं. सेंटरवाल्यांना हेच जमत नाही, फॉर्म भरणाऱ्या 30 आणि शेवटपर्यंत राहणाऱ्या 17. आपल्याकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तिलकनगर, कुठेही जा, दर गल्लीत 2 म्हातारे नवरा-बायको, मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला नाहीतर बाहेर. मंडळातल्या बायकांना ती सगळी घरं माहीत आहेत, कुणाला पार्किन्सन, कुणाचा गुडघा, कुणाच्या आजोबांना आता घर ओळखू येत नाही. ही माहिती कुठल्याच पोर्टलवर नाहीये.

अप्रेंटिस ठेवण्याचाही एक पर्याय आहे, तो हॉस्पिटल किंवा मोठ्या वृद्धाश्रमाच्या कामाचा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र देतं. आपल्या राज्याची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना 2023 मध्ये आली, 18 ते 29 वयासाठी, शिक्षणाप्रमाणे 8 ते 10 हजार महिना. तुमच्या वयाला लागू होईल न होईल, पण तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींसाठी विचारून ठेवा, सध्या त्यात कोणते कोर्स आणि कोणत्या आस्थापना चालू आहेत ते पोर्टलवर दिसतं.

अजून एक. नोकरी लगेच सोडू नका. आधी 3 महिने रविवारी एखाद्या वृद्धाश्रमात फुकट जा, 4 तास. आयसीयूत आपल्याला सवय असते की पेशंट 5 दिवसांत इकडे नाहीतर तिकडे, मॉनिटर बोलतो, आपण ऐकतो. इथे मॉनिटर नाही. आजोबा कालपेक्षा आज अर्धी पोळी कमी खाल्ले, हीच तुमची रीडिंग. हे मनाला झेपतं का ते आधी बघा. आणि सासऱ्यांपासून सुरुवात करा, त्यांना हलवताना-बसवताना 2 फोटो काढून ठेवा, पहिला आजचा आणि दुसरा एक महिन्यानंतरचा, कूस कशी बदलता, उशा कुठे लावता, ट्रेनरच्या इंटरव्ह्यूत मी असले फोटो मागते (चेहरा न दाखवता आणि त्यांना विचारून).

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल तपासा, संपलं असेल तर बाकी सगळं थांबवून ते करा. एनएचएसआरसीचं स्टाफ नर्सचं पुस्तक उतरवा. सीएमएचओ ऑफिसात एक चक्कर. इंदूरमध्ये आत्ता कोणत्या सेंटरला जीडीए किंवा होम हेल्थ एडची बॅच आहे ते स्किल इंडियाच्या पोर्टलवर बघून 2-3 ठिकाणी स्वतः जा, फोनवर विचारू नका, जाऊन लॅब बघा. बेडला साइड रेल आहे का, मॅनिकिन उलटवून उलटवून मळलेलं आहे का प्लास्टिकच्या पिशवीत नवं कोरं पडलंय, तिथेच कळतं शिकवतात की नाही.

आणि घरी एक टेप घ्या, सासरे उठून उभे राहू शकत असतील तर हे करून बघा, पाय अजिबात उचलत नसतील तर करू नका. हात असलेली खुर्ची, समोर 3 मीटरवर खडूने रेघ, घड्याळ. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. बाजूला तुम्ही हात धरायच्या तयारीत उभ्या राहा, पण धरू नका. आणि त्याआधी झोपलेले असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत बीपी घ्या, वरचं 20 ने किंवा खालचं 10 ने पडलं तर त्यांच्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. किती सेकंद आले ते मला कळवा, ट्रेनिंगचं पुढचं आपण त्यावरून बोलू.